बक्षीसपत्राने घर वाचत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात बँकांच्या ताबा नोटिसा छापून येतात. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, थकबाकीचा आकडा आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस लगतचा प्लॉट. तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यावर सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत ही नोटीस छापावी लागते, आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते, म्हणून ती आपल्याला मराठीत वाचायला मिळते. बहुतेक जण पान उलटतात. ज्याचे नाव छापून आले त्याच्या घरी मात्र त्याच संध्याकाळी कोणीतरी नातेवाईक सल्ला घेऊन हजर होतो: "गहाण आहे ते गेलं समज. बेसाचा फ्लॅट तरी वहिनीच्या नावावर करून टाक." कर्जवसुलीच्या दाव्यांत कुटुंबांचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे या एका वाक्यापासून सुरू होते. म्हणून हे पत्र.

सल्ला मोहात पाडतो, कारण तो स्वस्त आहे. महाराष्ट्रात निवासी घर पत्नीला किंवा मुलांना बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क, अधिभार सोडला तर, अवघे २०० रुपये. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ प्रमाणे धनकोंना, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांना, बुडवण्याच्या किंवा लटकवत ठेवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण धनको कोर्टातून रद्द करून घेऊ शकतो. हेतू सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागत नाहीत, तारखाच बोलतात. बँकेची नोटीस ३ तारखेची, बक्षीसपत्र १५ तारखेचे, मोबदला शून्य, आणि नवरा आजही त्याच घरात राहून मालमत्ता कर भरतोय. एवढे कागद एकाखाली एक ठेवले की काम झाले.

नादारीच्या, म्हणजे कर्ज फेडू शकत नाही असे कोर्टाकडून जाहीर होण्याच्या, कायद्यात तर हे आणखी महागात पडते. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला आणि त्यावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर, म्हणजे त्याची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, ते हस्तांतरण कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो. प्रामाणिकपणे, पुरेशा मोबदल्यात विकत घेणाऱ्याला यातून संरक्षण आहे, फुकट मिळालेल्या बायकोला नाही. शिवाय असे हस्तांतरण हे स्वतःच 'नादारीचे कृत्य' गणले जाते आणि त्या आधारावर धनको तीन महिन्यांत तुमच्याविरुद्ध नादारीचा अर्ज करू शकतो. म्हणजे घर वाचवायला टाकलेले पाऊल धनकोच्या हातात हत्यार देते, आणि पुढे कर्जमुक्ती, म्हणजे उरलेल्या देण्यांतून कोर्टाकडून सुटका, मागताना हाच कागद आडवा येतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे 'आधी साळ्याचे पैसे देऊन टाकतो.' नाती जपण्यासाठी लोक हे मनापासून करतात. पण इतरांना डावलून एकाच धनकोला झुकते माप देण्यासाठी केलेली फेड, नादारीच्या अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतली असेल तर, रद्द ठरू शकते. साळ्याला ते पैसे परत आणून द्यावे लागतात आणि नाते जायचे ते जातेच.

आता कायदा स्वतःहून काय वाचवतो ते पाहू, कारण ही यादी फारच थोड्यांना ठाऊक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०. घरातल्या माणसांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाही. कारागिराची अवजारे आणि हिशेबाच्या वह्या जप्त होत नाहीत. काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याची औते, कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बियाणे आणि तो स्वतः राहतो ते घर जप्त होत नाही. मजुराचे आणि घरगड्याचे राहते घर आणि मजुरीही यात येते. प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ, सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि स्वतःच्या आयुष्यावरच्या विमा पॉलिसीचे पैसे सुरक्षित आहेत.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. महालातल्या शिंप्याचे शिलाई मशीन हे अवजार आहे, पण हिंगण्याच्या युनिटमधली यंत्रे त्याच व्याख्येत बसवायला जाल तर कोर्ट मान्य करेल अशी आशा धरू नका. आणि शहरातल्या नोकरदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या राहत्या घराला या यादीत जागाच नाही. 'राहतं घर कोणी घेऊ शकत नाही' हे वाक्य शेतकऱ्यापुरते आणि मजुरापुरते खरे आहे. जे स्वतःच गहाण टाकले, त्यालाही ही ढाल पुरत नाही.

पगाराचे गणित एकदा करून ठेवा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त. सूट असलेले भत्ते वगळून पगार ४०,००० असेल तर १,००० बाजूला काढा, उरले ३९,०००, त्यातले २६,००० मुक्त. म्हणजे २७,००० घरी येतील आणि फार तर १३,००० दरमहा जप्त होतील. तेही कायमचे नाही. एकाच हुकूमनाम्याखाली (दाव्यात कोर्टाने दिलेल्या वसुलीच्या आदेशाखाली) एकूण २४ महिने पगार जप्त झाला की त्या हुकूमनाम्यासाठी तो पूर्ण मुक्त होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हे गणित लागू नाही, तिथे फक्त एक तृतीयांश पगार मुक्त राहतो.

यावरून निघणारी गोष्ट ठळक अक्षरात छापावी इतकी महत्त्वाची आहे. क्रेडिट कार्डाचे किंवा वैयक्तिक कर्जाचे हप्ते भरायला पीएफ काढू नका, एलआयसी सरेंडर करू नका. क्रेडिट कार्डाच्या मागे तारण नसते. वसुली करणाऱ्याला दावा लावून, हुकूमनामा घेऊन, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त दाखल करून यावे लागते, आणि त्यानंतरही पीएफला हात लावता येत नाही. वसुलीच्या फोनला कंटाळून तुम्ही तोच पैसा स्वतःच्या हाताने बाहेर काढता आणि सहा महिन्यांत तो व्याजात विरतो. पन्नाशीच्या माणसाची सगळी पुंजी अशी गेलेली पाहणे फार वाईट असते. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही.

दुसरे असे की ज्या बँकेचे कर्ज थकले, त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर बँक खात्यातली रक्कम कर्जात वळती करून घेऊ शकते. घरखर्चाचे खाते दुसऱ्या बँकेत उघडा. यात लपवाछपवी काही नाही. पुढे कोर्टाला मालमत्तेची यादी देताना ते खातेही दाखवायचे आहे.

पत्नीच्या मालमत्तेबद्दल दोन्हीकडे गैरसमज आहेत. नवऱ्याच्या कर्जाला पत्नीची स्वतःची मालमत्ता जबाबदार नाही. तिचे स्त्रीधन, तिच्या पगारातून घेतलेला प्लॉट, माहेरहून आलेले सोने तिचेच. पण ज्या दिवशी तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली, त्या दिवशी हे संरक्षण संपले. बँकेत 'वहिनींची एक सही लागेल' असे म्हणतात, तेव्हा ती सही कुठल्या रकान्यात आहे ते वाचा. सोन्याच्या पावत्या, लग्नातल्या आहेराची यादी, प्लॉटसाठी तिच्या खात्यातून गेलेला चेक हे कागद जपून ठेवा, कोर्टाचा बेलीफ जप्तीचा पंचनामा करताना तेच दाखवायचे असतात. विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४ च्या कलम ६ खाली नवऱ्याने पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेली पॉलिसी ही न्यास (ट्रस्ट) ठरते आणि धनकोंच्या आवाक्याबाहेर राहते. मात्र तसे पॉलिसी घेतानाच लिहावे लागते, जुन्या पॉलिसीला मागाहून हा शिक्का मारता येत नाही. आणि धनकोंना बुडवायलाच ती घेतली असे दिसले तर धनकोचे देणे त्या पॉलिसीच्या पैशांतून वसूल होऊ शकते. चांगल्या दिवसांत केलेली तरतूद टिकते, नोटीस आल्यावर केलेली टिकत नाही. हा फरक या विषयात सगळीकडे भेटेल.

बाप गेल्यावर मुलांना धाक घातला जातो, त्यांनाही सांगायला हवे. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्याच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही.

गहाण घराच्या बाबतीत मुदती हाच सगळा खेळ आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत. मग सरफेसी कायद्याची, म्हणजे दिवाणी दाव्याशिवाय तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची मागणी नोटीस. या ६० दिवसांत लोक एक तर घाबरून गप्प बसतात किंवा ब्रँच मॅनेजरच्या खुर्चीसमोर बसून तोंडी विनवण्या करतात. करायचे ते हे: लेखी हरकत पाठवा. व्याजाचा हिशेब, जमा न दाखवलेले हप्ते, चुकीचा दर, जे असेल ते मुद्देसूद लिहा आणि पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत त्याचे उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत नागपूरच्याच कर्जवसुली न्यायाधिकरणात, ज्याला सगळे डीआरटी म्हणतात, अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी बाकी उरली असेल तरीही नाही. ही दोन उत्तरे खिशात असूनही वापरली जात नाहीत.

घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीपासून हे असे आहे, लिलावाच्या दिवसापर्यंत मुदत असते हा जुना समज आता चालत नाही. म्हणून घर विकायचेच असेल तर ते तुम्ही, बँकेची लेखी संमती घेऊन, आधी विका. ओळखीच्या वस्तीत शांतपणे मिळणारा भाव लिलावात मिळत नाही.

तडजोड, म्हणजे वन टाइम सेटलमेंट, ठरली तर ती कागदावर घ्या: एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, दावा मागे घेण्याची अट, चेक परत करण्याची अट, बोजा उतरवण्याची अट. बहुतेक पत्रांत असते की एक हप्ता चुकला तर तडजोड रद्द आणि जुनी पूर्ण बाकी जिवंत. त्यामुळे पैसे हातात नसताना नुसत्या आशेवर सही करू नका. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे दोन वेगळे शेरे आहेत, पहिला पुढचे कर्ज अडवतो. फेड किंवा तडजोड पूर्ण झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यावी लागतात, उशीर बँकेचा असेल तर रोज ५,००० रुपये भरपाई. कागद मिळाले की आखीव पत्रिकेवरचा (शहरातल्या जागेच्या उताऱ्यावरचा) किंवा सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का ते स्वतः पाहून या.

पतसंस्थेचे कर्ज वेगळ्या वाटेने चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक थेट वसुली दाखला देतो, दिवाणी दावा लागत नाही. दाखला मिळाल्यावर फेरतपासणी मागायची तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ते कोणाजवळ असतात? म्हणून जी लढाई आहे ती दाखला निघण्याआधी, पहिल्या नोटिशीला हजर राहून लढायची. ऑफिसातल्या मित्रासाठी सही करणारा जामीनदार इथेच अडकतो. 'आधी कर्जदाराकडून वसूल करा' असे त्याला म्हणता येत नाही, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आता नादारी. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता ऐकून अनेक जण येतात. त्या संहितेतला सर्वसामान्य व्यक्तींचा भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. बाकी आपल्या सगळ्यांना, दुकानदार असो की शिक्षक, १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा किती जुना, तर कर्ज ५०० रुपये असले तरी अर्ज करता येतो.

अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात. त्यात राहण्याचा व धंद्याचा पत्ता, प्रत्येक धनकोचे नाव-पत्ता व रक्कम, प्रत्येक मालमत्ता कुठे आहे व तिची किंमत, आणि ती सगळी कोर्टाच्या स्वाधीन करण्याची तयारी. यादी अशी दिसायला हवी: 'लोखंडी कपाट १, जुने, ३,०००. दुचाकी २०१४ ची, १२,०००, आरसी सोबत. बचत खाते, शिल्लक ४,३१०. भिशीत भरलेले २०,०००, उचल घेतलेली नाही.' भिशी विसरतात. मित्राला दिलेले उसने विसरतात. शेतातला वाटणी न झालेला हिस्सा तर हमखास विसरतात. धनको तो शोधून काढतो आणि मग विसरलेले लपवलेले ठरते. त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्ज एकदा दाखल केला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

नादार घोषित झाल्यावर मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, कलम ६० ची मुक्त मालमत्ता सोडून. धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येते. पण तारणधारक बँकेचा हक्क जसाच्या तसा राहतो, घर गहाण असेल तर नादारीने ते सुटत नाही. पुढे मिळणारा वारसाही कर्जमुक्ती होईपर्यंत रिसीव्हरकडे जातो. नादार असल्याचे न सांगता ५० रुपयांची उधारी घेणे हाही गुन्हा आहे. धनकोंपैकी बहुसंख्य, आणि रकमेच्या तीन चतुर्थांशाचे मालक, कबूल झाले तर कोर्ट तडजोडीची योजनाही मंजूर करते, आणि आमच्या मते छोट्या व्यापाऱ्यासाठी हीच सर्वांत चांगली वाट आहे.

कर्जमुक्तीचा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत करावाच लागतो, नाही केला तर नादारीचा आदेश रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. कलम ४२ इथे वाचावे. मालमत्तेतून रुपयात आठ आणेही, म्हणजे देण्याच्या निम्मेही, निघत नसतील आणि त्याला तुम्ही जबाबदार नव्हता हे दाखवता आले नाही, तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या नसतील, बुडालो हे कळल्यावरही धंदा रेटला असेल, सट्ट्यात किंवा उधळपट्टीत पैसे गेले असतील, तर पूर्ण कर्जमुक्ती नाकारली जाते. गांधीबागेतल्या, इतवारीतल्या दुकानदारांनी हे लक्षात घ्यावे: मालाची उधारी बंद करण्याची तारीख तुमच्या वहीत दिसली पाहिजे. सरकारी देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी कर्जमुक्तीनंतरही उरतेच.

चेक बाऊन्सचा खटला फौजदारी आहे, तो नादारीने थांबत नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, मग तक्रार. ते १५ दिवस वाया घालवू नका. कोरा चेक 'फक्त तारण म्हणून' दिला होता हा बचाव एकट्याने टिकत नाही. दिवाणी हुकूमनाम्यात मात्र नुसते पैसे नाहीत म्हणून तुरुंग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे की असमर्थता पुरेशी नाही, बदनियत दिसली पाहिजे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. वर सांगितलेले बक्षीसपत्र बदनियतीचा पहिला पुरावा म्हणून इथेही समोर येते.

एक सही फार सांभाळून करा. बिनतारण कर्जाची दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. मुदतीत 'बाकी मान्य' असे लिहून दिले किंवा थोडी रक्कम बँकेत भरली की तीन वर्षे नव्याने सुरू होतात. 'फक्त ५०० भरा, फाइल थांबवतो' यामागे कधी कधी हेच असते.

बिनपरवाना सावकाराकडून उचललेल्या पैशांसाठी जमीन किंवा घर लिहून दिले असेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करा. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतल्या व्यवहारांची चौकशी होऊ शकते आणि नावापुरते केलेले खरेदीखत रद्द होऊन मालमत्ता परत मिळू शकते. कोऱ्या चेकचे, कोऱ्या मुद्रांकाचे नंबर लिहून ठेवले असतील तर अर्जाला वजन येते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून लोक मुदत घालवतात. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. जाताना आधार कार्ड, सगळ्या नोटिसा पाकिटासह (पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजतात), कर्जखात्याचा उतारा, पगारपत्रक आणि वर दाखवली तशी यादी घेऊन जा. यादीत भिशी लिहिलेली असू द्या.

आपले,
दिवाणी वसुलीची कामे पाहणारे दोन वकील
सिव्हिल लाइन्स, नागपूर